फणसाच्या मुळावरून

उंच उडीत जिंकणारीसुद्धा शेवटी काठी पाडूनच घरी जाते. खेळच तसा आहे. बाकीच्या सगळ्या बाद झाल्या तरी उरलेली एकटी आणखी वर, आणखी वर करत जाते आणि कुठल्या तरी उंचीवर तीनदा हरते, तेव्हा कुठे तिचा दिवस संपतो. माझ्या बाबांना हे कधीच पटलं नाही. आशियाई स्पर्धेतलं सोनं गळ्यात घालून मी संगमेश्वरच्या स्टँडवर उतरले तेव्हा ढोल वाजत होते, पुढारी हार घेऊन ताटकळत होते. त्या गर्दीतून वाट काढत बाबा आले आणि कानाशी लागून म्हणाले, "पन शेवटाला पाडलीसच ना गो काठी?"

"पाडली, बाबा."

"मंग?" असं म्हणून त्यांनी माझी पिशवी खांद्याला लावली आणि मिशीतल्या मिशीत हसत चालायला लागले.

मला उडी शिकवली ती या माणसाने. म्हणजे त्यांना उडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते फक्त काठी धरायचे. घरामागच्या अंगणात एक जुना फणस होता. बांबूच्या काठीचं एक टोक फणसाच्या बुंध्यात ठोकलेल्या खिळ्यावर आणि दुसरं बाबांच्या उघड्या तळहातावर. पलीकडे पेंढ्याचा ढीग. मी शाळेत असताना ते अधूनमधून नवा खिळा बोटभर वर ठोकायचे आणि मी विचारलं की साळसूदपणे सांगायचे, "काल व्हती तितंच हाय." मला ते खरं वाटायचं. काल जमलं ते आज का नाही जमणार, म्हणून मी उडायचे. पुढे काठी त्यांच्या डोक्याच्या वर गेली तेव्हा ते धोंड्यावर उभे राहायला लागले, पण बोलणं तेच.

त्या अंगणात धावायच्या वाटेवर, शेवटी काठीकडे गोल वळत जातात त्या वळणाच्या नेमकं तोंडाशी, फणसाचं एक मूळ जमिनीवर येऊन आडवं पसरलं होतं. तिथे पाय जरा उंच आणि लांब टाकावा लागायचा. पुढे मी गुळगुळीत निळ्या ट्रॅकवर धावले, परदेशात धावले, पण वळणावर माझा पाय त्या मुळावरून गेल्याशिवाय राहिला नाही. प्रशिक्षकांनी डोकं धरलं. हे खोड मोडा, म्हणाले. मग कुणीतरी कॅमेऱ्याने मोजून पाहिलं, तर त्या एका तरंगत्या पावलामुळेच माझं अंग वळणाच्या आत झुकत होतं, कंबर खाली बसत होती आणि शेवटच्या पावलाला जमीन मला वर फेकत होती. तेव्हापासून त्या पावलाला कुणी हात लावला नाही.

पुढे गुडघा गेला. मग खेळाडूंच्या राखीव जागेवर वनखात्यात नोकरी, रत्नागिरीत बिऱ्हाड, आणि दिगंबरशी लग्न. दिगंबर शाळेत गणित शिकवतो आणि स्वतः फुटपाथवरून उतरतानाही आधी खाली बघून घेतो. बाबा गेले. रस्ता रुंद झाला तेव्हा फणस गेला, अंगण गेलं. आज तिथून गाड्या जातात.

पण स्वप्नात सगळं जागच्या जागी होतं. जवळजवळ रोज पहाटे मी त्या अंगणात असायचे. गुडघा दुखत नसायचा. फणसाखाली हिरवट उजेड असायचा, बाबा काठी धरून उभे असायचे, म्हणायचे, "काल व्हती तितंच हाय." मी धावायचे, मुळावरून पाय टाकायचे, आणि वर जायचे. पाठ काठीवर, तोंड आभाळाकडे, डोळ्यांसमोर पानं आणि लटकलेले फणस. एवढंच. मी खाली कधी पडायचेच नाही. वरच जाग यायची. दिगंबर चहा टाकता टाकता विचारायचा, "काय म्हणाले आज सासरेबुवा?" मी सांगायचे, "तेच." त्यावर तो कपात साखर घालायचा. आमच्या घराची सकाळ अशी व्हायची.

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, समुद्राकडे तोंड करून, एक लांबट पांढरी इमारत उभी राहिली आहे. पाटीवर 'निद्राप्रेरित कौशल्य संशोधन केंद्र' असं लिहिलं आहे, पण लोक दुपारी जेवून तिथे झोपायला जातात म्हणून सगळं गाव तिला 'वामकुक्षी' म्हणतं. तिथल्या प्रमुख डॉ. नाझनीन परकार. खेडच्या. बोलायला मोकळ्या, आणि कामाला वाघ.

एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं ते सायकलपासून. एकदा सायकल शिकलेला माणूस वीस वर्षांनी बसला तरी पडत नाही, कारण हालचालींची आठवण वेगळी साठवलेली असते. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. कुठला स्नायू कुणाच्या आधी, किती जोरात, हा सगळा क्रम तिथे कोरलेला असतो. स्वप्न पडताना मेंदू हे क्रम पुन्हा चालवून बघतो. फक्त खाली शरीराकडे जाणारे हुकूम तेवढे वाटेत अडवलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी पलंगावरून पडत नाही.

डॉ. परकारांनी बनवलेली टोपी तो चालू असलेला क्रम टिपून घेते. मग त्याच बांध्याची दुसरी व्यक्ती झोपून स्वप्नात शिरली की ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी तिच्या मेंदूत त्याच क्रमाने हलक्या ढुशा देतात. शिकवत नाहीत, सुचवतात. उरलेलं तिचा मेंदू करतो. हे सगळं आधी पक्षाघात झालेल्या माणसांना पुन्हा चालता यावं म्हणून निघालं होतं. आता सरकारला ते खेळासाठी करून बघायचं होतं.

"तुमची उडी अजून तुमच्यात आहे, प्रणिताताई," डॉक्टर म्हणाल्या. "गुडघा गेला, उडी नाही गेली. ती अशीच वाया घालवायची?"

मी हो म्हटलं. कोण नाही म्हणेल? आपलं काही अजून कुणाच्या उपयोगी आहे हे ऐकायला माणूस किती आतुर असतो, ते निवृत्त खेळाडूला विचारावं.

माझी उडी जिला द्यायची होती आणि मैदानावर जिला मीच शिकवायचं होतं, ती अन्वी कोळेकर. जत भागातली, मेंढपाळाची मुलगी. उंच, काटक, माझ्यासारखाच डावा पाय टेकून उडणारी, पोटऱ्या अगदी माझ्या. अंगात ताकद होती, पण वळणावर आली की ती बिचकायची आणि काठीला कंबर लावायची. राज्याच्या निवडीत दोनदा मागे पडली होती. आणखी एकदा मागे पडली तर खेळाडूंच्या वसतिगृहातली जागा जाणार आणि ती गावाकडे परत जाणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी दुपारी झोपायचे, टोपी माझी उडी टिपायची. दुसऱ्या दिवशी अन्वी झोपायची. महिन्याभरात तिच्या धावण्यात फरक दिसायला लागला. लांबून बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. ट्रॅकवर कुणीतरी माझे जुने हात हलवत धावत होतं. पण वळणाशी गडबड व्हायची. तिचा पाय काहीच नसलेल्या जागी उंच उचलला जायचा, गोंधळायचा, बुटाचे खिळे अडकायचे आणि पोरगी तोंडावर आपटायची. दोन्ही कोपरं सोलून निघाली.

तेवढं पाऊल गाळून बघितलं, तर उडी सपाट झाली. पाऊल ठेवलं, की आपटणं आलंच. धावण्याच्या वाटेवर खुणेसाठी चिकटपट्टी लावायची खेळात मुभा असते, म्हणून मी तिथे तपकिरी पट्टी लावून बघितली. पाय चिकटपट्टीला घाबरत नाहीत. एकदा जाड दोरखंड आडवा टाकला. तेव्हा मात्र अन्वी अशी उडाली, की काठीवर हातभर हवा राहिली. पण दोरखंड काही स्पर्धेत टाकता येत नाही.

डॉ. परकार दोन दिवस पडद्यासमोर बसून होत्या. मग मला बोलावलं.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही नुसती हालचाल काढून घेतली. बाकीचं स्वप्न गाळ समजून बाजूला टाकलं. पण मेंदूला कारण लागतं, ताई. पाय का उचलायचा हे कळल्याशिवाय तो पाऊल आपलं म्हणत नाही. तिला तुमचं मूळ द्यावं लागेल. मूळ म्हणजे अंगण आलं, झाड आलं."

"आणि बाबा?"

"ते काठी धरून आहेत ना. ते त्यातच आले." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "पण यात एक मेख आहे. आठवण बाहेर काढली की ती काही तास मऊ असते, मग पुन्हा घट्ट होते. एरवी आपल्याला ते कळतही नाही. पण टोपीला सगळं स्वप्न वाचायचं तर ते मऊ असताना ढवळावं लागतं. हालचालीपुरतं वाचलं तोवर काही बिघडलं नाही. आता तळापर्यंत जावं लागेल, आणि मग ते पुन्हा पहिल्यासारखं बसेल असं मला वाटत नाही."

"म्हणजे मी बाबांना विसरेन?"

"छे! जागेपणी सगळं आठवेल. फणस, बाबा, पेंढा, सगळं. पण ते स्वप्न पडायचं थांबेल. बहुतेक कायमचं. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही."

मी घरी आले. दिगंबरला सांगितलं. तो वह्या तपासत होता. त्याने लाल पेन खाली ठेवलं.

"दुसऱ्याच्या मुलीला बाप देऊन टाकणार तू?"

"स्वप्नच आहे रे ते."

"मला नको सांगूस. रोज सकाळी तुझं तोंड मी बघतो. ज्या दिवशी ते येत नाहीत त्या दिवशी तू आमटीत दोनदा मीठ घालतेस."

हे खोटं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. बेचाळीस देशांच्या खेळाडूंसमोर न डगमगलेली बाई मी, आणि एका दुपारच्या झोपेला घाबरत होते. मी ठरवून टाकलं की द्यायचं नाही. अन्वीला दुसरं काही शिकवता येईल. मी प्रशिक्षक आहे, दानपेटी नाही.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला गेले, तर पोरगी सड्याच्या कडेला समुद्राकडे बघत बसली होती. कोपरांवर पट्ट्या. मी शेजारी बसले. मी बोलायच्या आधीच ती म्हणाली, "मॅडम, ऱ्हाऊ द्या. डॉक्टर मॅडमनी सांगितलं मला. तुमचा बा हाय त्यो. मी कशी घिऊ?"

"मग उडी?"

"न्हाई जमली तर न्हाई जमली. जाईन मेंढरामागं." तिने एक खडा उचलून खाली टाकला. "मॅडम, एक इचारू? तुमचा बा रोज यायचा व्हय, काठी धरायला?"

"रोज. शेतावरून आले की पाय धुवायच्या आधी."

"माझ्या बानं एकदा पण बघितली न्हाई उडी. वरीसभर भायेरच अस्तोय मेंढरं घिऊन. वाईट न्हाई त्यो. पर त्येला ठावंच न्हाई की मी किती वर जाते." ती हसली. "कोण काठी धराय असलं ना मॅडम, की लई बरं वाटत आसंल."

वारा सुटला होता, सड्यावरचं गवत एका अंगाला झोपत होतं. मला एकदम दिसलं, की इतकी वर्षं बाबा स्वप्नात धोंड्यावर उभे आहेत, हात वर करून, आणि समोरून येणारी बाई वय होत चाललेली, जागेपणी जिन्यावरून कठडा धरून उतरणारी. मी त्यांना कामावर ठेवलं होतं माझ्यासाठी. त्यांना खरी उडी बघून किती दिवस झाले असतील?

"चल, जेवून घे," मी अन्वीला म्हटलं. "आज दुपारी मला झोपायचं आहे."

त्या दुपारी डॉ. परकारांनी स्वतः माझ्या डोक्याला टोपी बांधली. खिडकीला जाड पडदे होते. समुद्राचा आवाज येत होता, मग येईनासा झाला.

अंगण होतं. फणसाखाली तोच हिरवट उजेड होता, पेंढ्याचा वास होता. बुंध्यावर खिळ्यांची रांग खालून वर गेलेली मी पहिल्यांदाच नीट बघितली. जुने गंजलेले, वरचे चकचकीत. बाबा धोंड्यावर होते. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण स्वप्नात आपल्याला हवं ते बोलता येत नाही. ते म्हणाले, "काल व्हती तितंच हाय." आणि मी बघितलं, की हे म्हणता म्हणताच त्यांनी तळहात बोटभर वर नेला. माझ्या डोळ्यांदेखत! मी हसले. हसतच धावले. मुळावरून पाय टाकला, अंग झुकलं, जमिनीने मला वर फेकलं. पाठीखालून काठी सरकत गेली. पानांमधून ऊन खाली येत होतं. फणस अगदी जवळ होते, हात लावावा इतके. मी तिथेच राहिले, बराच वेळ, जोवर राहू दिलं तोवर.

जागी झाले तेव्हा उशी ओली होती. डॉ. परकारांनी पाणी दिलं.

स्वप्न गेलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. आता मला साधी स्वप्नं पडायला लागली: कचेरीतली, हरवलेल्या चपलेची, न संपणाऱ्या जिन्याची. दिगंबरने पहिल्या सकाळी सवयीने विचारलं, "काय म्हणाले आज..." आणि जीभ चावली. मग त्याने कपात साखर घातली. पुढे किती तरी दिवस मी आमटी खारट केली. बाबा गेले तेव्हा मला एवढं रडू आलं नव्हतं, कारण तेव्हा ते पूर्ण गेलेच नव्हते.

अन्वी मात्र पडायची थांबली. तिचा पाय वळणाशी उचलला जायचा, तरंगायचा, आणि नेमका पलीकडे टेकायचा. कुणी विचारलं तर सांगायची, "मूळ हाय तितं." बाकीच्या मुली वाकून ट्रॅककडे बघायच्या.

"स्वप्नात काय दिसतं गं?" एकदा मी न राहवून विचारलं.

"झाड हाय मोठं. बुंध्याला हिरवी पोती बांधल्यागत फणस. मला भ्या वाटतं, डोस्क्यात पडला तर!" मग तिने माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "म्हातारबा बी अस्त्यात. पर एक सांगू का मॅडम? खोटं बोलत्यात त्ये. काठी वर घेत्यात आन म्हंत्यात, कालच्याच जागी हाय."

मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसले. ती लबाडी कळायला मला त्या शेवटच्या दुपारपर्यंत वाट बघावी लागली होती. या पोरीने ती महिन्याभरात पकडली.

निवड पुण्याला होती. एकेक मुलगी बाद होत गेली आणि शेवटी निळ्या ट्रॅकवर अन्वी एकटी उरली. निवड झाली होती, जागा पक्की झाली होती. तिथे थांबता आलं असतं, पण तिने काठी आणखी वर ठेवायला सांगितली. माझ्या ऐन भरातल्या उडीची उंची होती ती. पहिल्यांदा पाडली. दुसऱ्यांदा पाडली. तिसऱ्यांदा अशी गेली, की वाटलं गेली पलीकडे, आणि टाच लागून काठी थरथरली, क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली, आणि खाली आली.

गादीवरून उतरून ती धावत माझ्याकडे आली. डोळे लाल, ओठ हलत होते. जिंकलेली पोर अशी रडते हे दुसऱ्या कुठल्या खेळात बघायला मिळत नाही. पाठ थोपटावी, पुढच्या वेळी जमेल म्हणावं, असलं काही तरी मनात होतं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"पण शेवटी पाडलीसच ना गं काठी?"

अन्वी रडता रडता थांबली. तिने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि एकदम खदखदून हसली. तिची पिशवी मी उचलून खांद्याला लावली. आम्ही चालायला लागलो.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवून मी जरा आडवी झाले. टोपी नाही, काही नाही. आणि अंगण आलं.

बाबा नव्हते. फणस होता, पेंढा होता, तोच उजेड होता. मी धोंड्यावर उभी होते आणि काठीचं टोक माझ्या तळहातावर होतं. काठी जड होती. ती इतकी जड असते हे मला आजवर माहीतच नव्हतं. खांदा भरून आला, तरी हात हलवता येत नव्हता. बाबा शेतावरून येऊन, पाय न धुता, रोज हे धरून उभे राहायचे. अंगणाच्या त्या टोकाला अन्वी उभी होती, पायाने जमीन चाचपत.

"मॅडम, कुठं हाय काठी?" तिने ओरडून विचारलं.

मी म्हटलं, "काल होती तिथंच आहे."

आणि ती धावायला लागली तशी मी काठी बोटभर वर घेतली.

संध्याकाळी उठले तेव्हा खांदा ठणकत होता. दिगंबरने चहा पुढे ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि जपून, चाचरत विचारलं, "आले होते?"

"नाही," मी म्हटलं. "आज माझी पाळी होती."